सोळा फोटो, एक ई-मेल आणि पाच वर्षे निलंबित सनद

२५ मार्च २००९ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, शार्लट्सव्हिलच्या एका वकिलाकडे समोरच्या बाजूची कागदपत्रांची मागणी आली. सोबत फेसबुकवरून घेतलेला एक फोटो जोडलेला होता. वकिलाचा अशील चार माणसांत उभा आहे, हातात बिअरचा कॅन आहे आणि टी-शर्टवर ‘आय’, बदामाचं चिन्ह, ‘हॉट मॉम्स’ असा मजकूर आहे. या अशिलाची पत्नी पावणेदोन वर्षांपूर्वी अपघातात गेली होती. तिच्या मृत्यूची भरपाई मागण्यासाठीच दावा लावलेला होता.

फोटो अडचणीचा होता, हे कोणीही मान्य करील. दुःखात बुडालेला नवरा म्हणून ज्याला ज्यूरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचांसमोर, उभं करायचं, त्याचा असा फोटो भल्यामोठ्या आकारात न्यायालयात झळकला तर काय होईल, ही धास्ती त्या क्षणी कुठल्याही वकिलाच्या मनात येणारच. पण वकील बुडाला तो फोटोने नाही. फोटो तर समोरच्या वकिलाच्या हातात आधीच होता, त्यानेच तो पाठवला होता. बुडाला तो पुढच्या वीस महिन्यांत त्या धास्तीपोटी जे जे केलं गेलं त्याने. ‘अलाईड काँक्रीट’ या कंपनीच्या नावाने हे प्रकरण अमेरिकेतल्या वकिली नीतिमत्तेच्या वर्गांत शिकवलं जातं. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि मोबाइलमधले फोटो रोज न्यायालयात येत असताना ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

मूळ दावा

२१ जून २००७ रोजी नवरा-बायको मोटारीतून चालले होते. समोरून अलाईड काँक्रीट कंपनीचा काँक्रीटने भरलेला ट्रक येत होता. चालकाचा ताबा सुटला, ट्रक मधली रेघ ओलांडून आला आणि कलंडून थेट मोटारीवर पडला. पत्नीचा मृत्यू झाला, नवरा जखमी झाला. ट्रकचालकाने पुढे मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. नवऱ्याने स्वतःच्या दुखापतीसाठी आणि पत्नीच्या मृत्यूसाठी कंपनी व चालक यांच्यावर दावा लावला. मृत्यूच्या भरपाईत तिच्या आईवडिलांचाही वाटा होता.

म्हणजे दावा मुळातच भक्कम होता. ट्रक कोणाचा आणि चूक कोणाची, यावर भांडायला फारसं काही उरलंच नव्हतं. प्रश्न होता तो भरपाई किती, एवढाच. ही गोष्ट शेवटपर्यंत ध्यानात ठेवायला हवी. लपवाछपवी कमकुवत बाजू सावरण्यासाठी झाली असती, तर निदान तिचा हिशेब तरी लागला असता.

वादीचे वकील मॅथ्यू मरे हे नवखे नव्हते. अपघाताच्या दाव्यांत नाव असलेल्या मोठ्या संस्थेची शार्लट्सव्हिलची शाखा ते सांभाळत आणि राज्यातल्या वादी-वकिलांच्या संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं होतं.

एकवीस दिवस

अमेरिकेत दिवाणी दावा दाखल झाला की खटला उभा राहण्याआधीच दोन्ही बाजूंना आपापल्याकडची कागदपत्रं आणि माहिती एकमेकांना द्यावी लागते. साक्षीदारांची शपथेवरची जबानीही आधीच, वकिलाच्या कार्यालयात नोंदवली जाते. याला डिस्कव्हरी म्हणतात. न्यायाधीश यात रोजच्या रोज लक्ष घालत नाहीत. एक वकील लेखी मागतो, दुसरा लेखी देतो आणि उत्तराखाली सही करतो. देणाऱ्याने पूर्ण आणि खरं दिलं, या गृहीतावरच सगळा डोलारा उभा असतो. म्हणून तिथे डिस्कव्हरीत केलेली लबाडी डावपेच समजली जात नाही, ती थेट वकिलीच्या सनदेवर येते.

फेसबुकपर्यंत समोरची बाजू पोहोचली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. जानेवारी २००९ मध्ये वादीनेच फेसबुकवरून प्रतिवादीच्या वकिलाला एक निरोप पाठवला. त्या काळच्या रचनेत निरोप गेला की घेणाऱ्याला पाठवणाऱ्याच्या पानावरचा मजकूर दिसू लागे. वकिलाने पान पाहिलं, फोटो उतरवून घेतला आणि मार्चमध्ये रीतसर मागणी केली: ही मागणी सही झाली त्या दिवशी फेसबुकवर जे काही आहे, फोटो, माहिती, संदेश, स्टेटस, त्या सगळ्या पानांच्या स्क्रीन प्रिंट द्या.

मागणी मोठी होती, पण तारखेला बांधलेली होती. २५ मार्चला पान जसं होतं तसंच हवं, असा तिचा अर्थ. व्हर्जिनियाच्या नियमानुसार उत्तराला २१ दिवस मिळतात, म्हणजे मुदत १५ एप्रिलपर्यंत.

त्याच संध्याकाळी मरे यांनी अशिलाला मागणीची आणि फोटोची खबर दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या पॅरालीगलला, म्हणजे कार्यालयातल्या कायदेविषयक मदतनीस महिलेला, सांगितलं की अशिलाला पान ‘साफ’ करायला सांग. तिने ई-मेल धाडला. मतलब असा: आणखीही काही फोटो आहेत, ते काढून टाकायला हवेत, खटल्यात त्यांचे मोठे केलेले फोटो आपल्याला अजिबात नको आहेत, तेव्हा कृपा करून, कृपा करून, फेसबुक आणि मायस्पेस (त्या काळचं तसंच दुसरं संकेतस्थळ) दोन्ही साफ कर.

या ई-मेलपाशी थोडं थांबायला हवं. ‘नष्ट कर’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शब्द वापरलाय तो ‘साफ कर’, घर झाडायला सांगावं तसा. आज्ञा वकिलाची, शब्द मदतनिसाचे आणि कृती अशिलाची. कोणालाही आपण पुरावा नष्ट करतोय असं त्या क्षणी वाटलं नसेल, कारण काम तीन हातांत वाटलं गेलं होतं. नियमांनी मात्र ही पळवाट आधीच बुजवलेली आहे. कर्मचाऱ्याकडून करवून घेतलेल्या कृत्याची जबाबदारी व्हर्जिनियाच्या आचारसंहितेतला नियम ५.३ थेट वकिलावर टाकतो, आणि समोरच्याला पुरावा मिळू न देणं, तो बदलणं किंवा दडवणं, तसंच दुसऱ्याला तसं करायला सांगणं, हे नियम ३.४ने वर्ज्य केलेलं आहे. मागणी येण्याआधी आपलं पान नीटनेटकं करणं आणि मागणी आल्यानंतर तेच करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दावा होणार अशी चिन्हं दिसू लागली की जतन करण्याचं कर्तव्य सुरू होतं. इथे तर दावा चालू होता आणि नेमका तोच कागद मागितलेला होता.

‘आज माझं पान नाही’

१४ एप्रिलला अशिलाने कळवलं की पान काढून टाकलं. प्रत्यक्षात त्याने खातं निष्क्रिय केलं होतं. फेसबुकवर हे दोन वेगळे प्रकार आहेत. खातं निष्क्रिय केलं की पान लोकांना दिसत नाही, पण माल सगळा तसाच राहतो आणि परत प्रवेश केला की पान जिवंत होतं. कायमचं पुसणं ही निराळी प्रक्रिया आहे.

दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, मरे यांच्या सहीचं उत्तर गेलं: हे उत्तर सही झालं त्या दिवशी, १५ एप्रिल २००९ रोजी, माझं फेसबुक पान नाही.

वाक्याची रचना पाहा. मागणीत तारीख होती २५ मार्चची. उत्तरात तारीख टाकली १५ एप्रिलची. प्रश्न विचारला होता ‘त्या दिवशी काय होतं’, उत्तर दिलं ‘आज काही नाही’. आदल्याच दिवशी पान उतरवलं आहे आणि आपल्याच सांगण्यावरून उतरवलं आहे, हे गिळून टाकलं. अक्षरशः वाचलं तर वाक्य खरं ठरतं, असा बचाव इथे सुचू शकतो, आणि नेमका तोच टिकत नाही. समोरच्याने खोटी समजूत करून घ्यावी म्हणूनच रचलेलं अर्धसत्य नियम ८.४च्या भाषेत अप्रामाणिकपणा आणि फसवणूक यांतच मोडतं. आपल्याकडच्या ‘नरो वा कुंजरो वा’ची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही. युधिष्ठिराचा रथही तेवढ्यानेच जमिनीला टेकला होता.

प्रतिवादीने ते उत्तर मुकाट्याने घेतलं नाही. पान होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, फोटो त्याच्या फाइलमध्ये होता. कागदपत्रं द्यायला भाग पाडावं असा अर्ज त्याने न्यायालयात केला. मग मे महिन्यात अशिलाने खातं पुन्हा चालू केलं, पॅरालीगलने पानांच्या प्रती छापल्या आणि त्या समोर दिल्या. पण त्याआधी अशिलाने पानावरचे १६ फोटो काढून टाकले होते. म्हणजे आता समोरच्याच्या हाती आला तो निवडून, वगळून दिलेला संच, आणि तो पूर्ण आहे असं भासवून.

डिसेंबर २००९ मध्ये शपथेवरची जबानी झाली. आपण खातं कधी निष्क्रिय केलंच नव्हतं, असं वादीने तिथे सांगितलं. एप्रिलचं लेखी उत्तर आणि ही जबानी एकाच वेळी खरी असूच शकत नव्हती.

पकडलं कसं

डिजिटल पुरावा पुसणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही. फोटो पुसला जातो, पण पुसल्याची नोंद उरते, आणि ती नोंद तिसऱ्याच्या ताब्यात असते. प्रतिवादीने फेसबुकला समन्स काढलं आणि एक तज्ज्ञ नेमला. कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून, खात्यात कधी प्रवेश झाला याच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि मे २००९ मध्ये १६ फोटो उडवले गेल्याचं उघड झालं. सगळेच्या सगळे फोटो खटल्याआधी प्रतिवादीच्या हाती आले.

म्हणजे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. इथे थांबून सगळं कबूल केलं असतं, तर प्रकरण दंडावर आणि ताशेऱ्यांवर मिटण्याची शक्यता बरीच होती. पण तोवर झाकायची गोष्ट बदलली होती. आता फोटोंच्या जागी तो ई-मेल झाकायचा होता.

यादीतून गाळलेला ई-मेल

वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार गोपनीय असतो, तो समोर द्यावा लागत नाही. पण काय काय रोखून धरलं आहे, त्याची यादी मात्र द्यावी लागते: तारीख, कोणाकडून, कोणाला, विषय साधारण काय आणि गोपनीयतेचा आधार काय. याला प्रिव्हिलेज लॉग म्हणतात. मजकूर झाकलेला राहतो, पण कागद अस्तित्वात आहे हे न्यायालयाला कळतं, आणि हवं तर न्यायाधीश तो स्वतः वाचून ठरवू शकतात.

न्यायालयाने वकिलाच्या कार्यालयाचा अशिलाशी झालेला पत्रव्यवहार मागितला, तेव्हा अशी यादी दिली गेली. २६ मार्चचा तो ई-मेल यादीत नव्हता. तो बाहेर आला खटला संपल्यानंतर. तेव्हा मरे यांनी आधी दोष पॅरालीगलवर ढकलला, तिच्या हातून नोंद राहून गेली असं सांगितलं. पुढे त्यांना मान्य करावं लागलं की ई-मेल त्यांनी जाणूनबुजून गाळला होता. तो उघड झाला तर खटल्याची तारीख पुढे जाईल ही भीती होती.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत जड कृत्य हेच आहे. ‘साफ कर’ हा सल्ला घाईत, घाबरून दिला गेला असं म्हणता येईल. १५ एप्रिलचं वाक्य चलाख वकिली म्हणून कोणी खपवू पाहील. पण न्यायालयाच्या आदेशावरून बनवलेल्या यादीतून एक विशिष्ट कागद उचलून बाजूला ठेवणं आणि नंतर हाताखालच्या बाईला पुढे करणं, याला घाई म्हणता येत नाही. शिवाय त्या ई-मेलला गोपनीयतेचं कवच तरी मिळालं असतं का? गुन्हा किंवा फसवणूक साधण्यासाठी झालेला वकील-अशील संवाद अमेरिकन कायद्यात संरक्षित राहत नाही. यादीत नोंद केली असती तर न्यायाधीश हाच प्रश्न विचारणार होते.

निकाल

खटला डिसेंबर २०१० मध्ये ज्यूरीसमोर चालला. न्यायाधीश एडवर्ड हॉगशायर यांनी ज्यूरीला दोनदा सूचना दिली, एकदा वादीच्या साक्षीच्या वेळी आणि एकदा ज्यूरी विचाराला बसण्याआधी: वादीने फेसबुकबद्दल शपथेवर खोटी उत्तरं दिली आहेत, मागितलेले फोटो पुसले आहेत, आणि ते त्याच्या बाजूला मारक होते असं तुम्ही गृहीत धरा.

एवढं ऐकूनही ज्यूरीने दिलं ते असं: पत्नीच्या मृत्यूबद्दल नवऱ्याला ६२ लाख २७ हजार डॉलर, त्याच्या स्वतःच्या दुखापतीबद्दल २३ लाख ५० हजार, आणि तिच्या आईवडिलांना प्रत्येकी १० लाख. एकूण १ कोटी ५ लाख ७७ हजार डॉलर. ज्यूरीला खोटं ठाऊक होतं, फोटोही प्रतिवादीच्या हाती होते, तरी नुकसान खरं होतं आणि ज्यूरीने ते खरं मानलं. मार्च २००९ मधल्या त्या सकाळी वाटलेली धास्ती अनाठायी होती.

मग न्यायाधीशांनी गैरवर्तनाचा हिशेब लावला. लपवाछपवीला तोंड देण्यासाठी प्रतिवादीला जो वकील-खर्च करावा लागला, त्यापोटी २०११ मध्ये मरे यांना ५ लाख ४२ हजार डॉलर आणि वादीला १ लाख ८० हजार डॉलर भरण्याचा आदेश झाला. पत्नीच्या मृत्यूपोटीची नवऱ्याची रक्कमही त्यांनी ४१ लाख २७ हजारांनी कापून २१ लाखांवर आणली.

दोन्ही बाजू राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कंपनीचं म्हणणं, एवढ्या लबाडीनंतर सगळा खटलाच नव्याने व्हायला हवा. १० जानेवारी २०१३ रोजी न्यायमूर्ती क्लिओ पॉवेल यांनी लिहिलेल्या निकालाने ती मागणी फेटाळली. फोटो खटल्याआधी मिळाले होते, ज्यूरीला सगळं सांगितलं गेलं होतं, कंपनीचा खर्च भरून दिला गेला होता. तेव्हा खटला अन्यायाने चालला असं म्हणता येत नाही. उलट कापलेली रक्कम न्यायालयाने परत बहाल केली. अशिलाला त्याचे पैसे मिळाले.

वकिलाचं मात्र संपलेलं नव्हतं. व्हर्जिनियात सनदेचा कारभार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या व्हर्जिनिया स्टेट बारकडे आहे. जुलै २०१३ मध्ये शिस्तभंग मंडळासमोर संमतीने निर्णय झाला आणि मरे यांची सनद पाच वर्षांसाठी निलंबित झाली. न्यायालयाशी प्रामाणिक राहण्याचा, समोरच्या पक्षाशी न्यायाने वागण्याचा आणि अप्रामाणिक वर्तन न करण्याचा, असे तिन्ही नियम मोडले गेले होते.

वकील आणि अशील जेव्हा समोरासमोर येतात

या प्रकरणाची एक बाजू कमी बोलली जाते. फोटो पुसल्याचा बोभाटा झाल्या क्षणापासून वकिलाचं आणि अशिलाचं हित एक राहिलं नव्हतं. अशिलाच्या सोयीचं उत्तर होतं, ‘मला वकिलाच्या कार्यालयातून सांगितलं, म्हणून मी केलं.’ वकिलाच्या सोयीचं होतं, ‘मी फक्त साफ करायला सांगितलं, पुसलं त्याने.’ दंडही दोघांवर वेगवेगळा बसणार होता. एकाचा भार हलका झाला की दुसऱ्याचा वाढणार. अशा वेळी तोच वकील ‘तो ई-मेल यादीत घालू नये’ असं ठरवतो, तेव्हा तो निर्णय कोणासाठी आहे? नियम १.७ सांगतो की वकिलाच्या स्वतःच्या स्वार्थामुळे सल्ल्याला मर्यादा पडण्याचा मोठा धोका असेल, तर तो हितसंबंधांचा संघर्षच आहे. अशिलाला लेखी कल्पना देऊन, दंडाच्या अर्जापुरता तरी त्याला स्वतंत्र वकील गाठून देणं, ही तिथली पहिली पायरी होती.

पुढची पायरी वकीलपत्र सुटल्यानंतरची. अशील माजी झाला तरी त्याची गुपितं माजी होत नाहीत, नियम १.९ त्यांचा त्याच्याविरुद्ध वापर रोखतो. पण स्वतःवरच्या आरोपाला उत्तर द्यायला वकिलाला काही बोलावंच लागलं तर? नियम १.६ मध्ये त्यासाठी अरुंद वाट आहे: बचावाला लागेल तेवढंच, त्यापलीकडे एक ओळही नाही.

ही वाट नसेल तर काय होतं, ते सॅन डिएगोच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयातल्या क्वालकॉम विरुद्ध ब्रॉडकॉम या दोन चिप कंपन्यांच्या प्रकरणात दिसलं. जानेवारी २००७ मध्ये खटला चालू असताना क्वालकॉमच्या एका अभियंत्याच्या लॅपटॉपवर २१ ई-मेल सापडले. वकिलांनी ते लगेच दिले नाहीत. नंतर न दिलेल्या कागदपत्रांचा आकडा ४६ हजारांवर गेला. मॅजिस्ट्रेट न्यायाधीश बार्बरा मेजर यांनी जानेवारी २००८ मध्ये सहा वकिलांचं प्रकरण कॅलिफोर्नियाच्या स्टेट बारकडे धाडलं. कंपनी मात्र गोपनीयता सोडायला तयार नव्हती, त्यामुळे वकिलांना आपली बाजूच मांडता आली नव्हती. मार्च २००८ मध्ये न्यायाधीश रूडी ब्रूस्टर यांनी स्वसंरक्षणासाठी गोपनीय संवाद वापरायची मुभा दिली आणि वकिलांवरची कारवाई फेरविचाराला परत पाठवली. सगळी कागदपत्रं बाहेर आल्यावर एप्रिल २०१० मध्ये मेजर यांनीच वकिलांवर दंड लावायला नकार दिला: चुका गंभीर होत्या, संवाद पार कोसळला होता, पण दुष्ट हेतू सिद्ध होत नव्हता. शार्लट्सव्हिलमध्ये कागदपत्रं बाहेर आली तेव्हा उलट घडलं. त्यांनी हेतूच दाखवून दिला.

२६ मार्चच्या सकाळी काय करायचं होतं

मागणी फार मोठी आहे असं वाटत होतं तर तशी हरकत लेखी घ्यायची होती. ‘सगळे संदेश, सगळे फोटो’ ही मागणी दाव्याशी संबंध नसलेल्या खासगी गोष्टींतही हात घालते. हरकत नोंदवून संबंधित तेवढं देता आलं असतं, उरलेल्यासाठी न्यायालयाकडून संरक्षक आदेश मागता आला असता. फोटोची चीड यायची भीती असेल, तर तो ज्यूरीसमोर येऊच नये असा स्वतंत्र अर्ज करता आला असता: त्यातून सिद्ध फार थोडं होतं, मन मात्र फार कलुषित होतं. हे रोजचे, सभ्य मार्ग आहेत. त्यातला एकही वापरायला फोटो पुसावा लागत नाही.

पान लोकांपासून झाकणं आणि पान पुसणं यांतली रेघही आता स्पष्ट झाली आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्क काउंटी लॉयर्स असोसिएशनने आणि २०१४ मध्ये फिलाडेल्फिया बार असोसिएशनने दिलेल्या मतांचा गाभा असा: खासगीपणाची सेटिंग कडक करायला अशिलाला सांगता येतं; जतन करण्याचं कर्तव्य असताना मजकूर नष्ट करायला सांगता येत नाही; आणि पानावरून काही उतरवलंच तर त्याची पूर्ण प्रत जपून ठेवावी लागते.

तांत्रिक बाजू त्या वेळी जरा कष्टाची होती. सगळं खातं एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोय फेसबुकने ऑक्टोबर २०१० मध्ये दिली. २००९ मध्ये एकेक पान उघडून, तारीख-वेळ दिसेल असं छापून काढावं लागे. आज मात्र सबब उरलेली नाही. खात्याची पूर्ण प्रत उतरवायची, ती फाइल न उघडता दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायची, तिचं हॅश मूल्य (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा आकडी ठसा) नोंदवायचं आणि कोणी, कधी, कुठल्या यंत्रावर उतरवली याची चार ओळींची टिपणी सहीनिशी फाइलला लावायची. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नये. त्यात अपलोडची वेळ आणि फोटोच्या पोटातली माहिती येत नाही.

आपल्या न्यायालयांत

भारतात डिस्कव्हरी एवढी अवाढव्य नाही, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ आहे, आणि २०१५च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने तो व्यावसायिक दाव्यांसाठी बराच कडक केला. आपल्या ताब्यातली, कबज्यातली सगळी संबंधित कागदपत्रं दिली आहेत, असं दाव्यासोबतच शपथेवर सांगावं लागतं. आपल्या विरुद्ध जाणारे कागदही त्यात आले. पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी दस्त किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. रोखून धरलेला पुरावा त्याच माणसाच्या विरुद्ध जाणारा होता असं मानण्याची मुभा न्यायालयाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मधल्या दृष्टांताने आहे. हॉगशायर यांनी ज्यूरीला सांगितलं ते याच जातीचं. वकील-अशील गोपनीयता कलम १३२ मध्ये आहे, पण बेकायदा हेतू साधण्यासाठीचा संवाद त्यातून वगळलेला आहे. ‘साफ कर’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर गेला म्हणून तो सुरक्षित राहील, या भरवशावर कोणी राहू नये. माजी अशिलाबाबत बार कौन्सिलचा नियम ३३ आहे: ज्या प्रकरणात एकदा सल्ला दिला किंवा कैफियत लिहून दिली, त्यात समोरच्या बाजूने उभं राहता येत नाही. आणि अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद, निलंबन किंवा यादीतून नाव काढणं, यांपैकी काहीही करू शकते.

वकीलपत्रावर सही होते त्याच दिवशी अशिलाच्या हाती द्यायचा कागद पानभरही लागत नाही. मजकूर साधारण असा पुरे:

‘आजपासून तुमचा मोबाइल, ई-मेल, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप यांतलं काहीही पुसू नये. आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय आजच बंद करावी. फोन बदलायचा किंवा विकायचा असल्यास आधी कार्यालयाला कळवावं. एखादा फोटो किंवा संदेश तुमच्या विरुद्ध जाईल असं वाटत असेल, तर तो आम्हाला आधी दाखवावा. त्याचं काय करायचं ते आपण न्यायालयात ठरवू. खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं करायला हरकत नाही, पण त्याआधी पूर्ण प्रत उतरवून ती कार्यालयात आणून द्यावी. आमच्या कार्यालयातल्या कोणीही, तोंडी किंवा लेखी, याच्या उलट सांगितल्यास ते ऐकू नये आणि लगेच माझ्याशी स्वतः बोलावं.’

खाली अशिलाची सही, तारीख, आणि एक प्रत फाइलला.